बाळाला खाली कुठे ठेवायचं?

गेले बरेच वीकेंड ब्लॉगवर शुकशुकाट आहे, त्याचं कारण सात महिन्यांचं आहे. सध्या ते माझ्या डाव्या खांद्यावर झोपलंय आणि मी उजव्या हाताच्या एका बोटाने टंकतोय. तेव्हा मंडळी, लेख जरा वेडावाकडा झाला तर सांभाळून घ्या.

घरात बाळ आलं की लोक दोन गोष्टी आणतात: सल्ले आणि बाबागाडी. सल्ल्यांविषयी पुन्हा कधीतरी. बाबागाडी (हल्ली तिला स्ट्रोलर म्हणायचं) ऑफिसातल्या मित्रांनी वर्गणी काढून दिली. आमच्या सोसायटीच्या गेटपासून कोपऱ्यावरच्या मेडिकलपर्यंत फार तर तीनशे मीटर अंतर असेल. तेवढ्यात फूटपाथवर एक डीपी, दोन पाणीपुरीच्या गाड्या, सात-आठ स्कूटर, आणि एक झाड आहे, ज्याच्याभोवती कठडा बांधून फूटपाथ संपल्याचं जाहीर केलेलं आहे. त्यामुळे गाडी हॉलमध्ये असते आणि तिच्यावर धुतलेली दुपटी वाळतात. बाळ कडेवर!

पण वस्तू म्हणून ती झकास आहे. एक खटका दाबला की छत्रीसारखी मिटते, उचलली तर वजन जाणवत नाही. हे कुणाला सुचलं असेल, असा प्रश्न पहाटे तीन वाजता, बाळ ढेकर द्यायची वाट बघत फेऱ्या मारताना पडला. त्या वेळी हातात फोन असतो आणि दुसरं काही करता येत नाही. अशा बऱ्याच पहाटे वाचन झालं, त्याचा हा गोषवारा.

बाबागाडीचा इतिहास सांगणारे बहुतेक सगळे सुरुवात करतात १७३३ पासून. इंग्लंडमधल्या ड्यूक ऑफ डेव्हनशायरच्या मुलांसाठी विल्यम केंट या बागांच्या नामांकित रचनाकाराने शिंपल्याच्या आकाराची एक छोटी गाडी केली. ती ढकलायची नव्हती. पुढे बकरी नाहीतर छोटं तट्टू जुंपायचं. म्हणजे ते बाळाचं वाहन कमी आणि सरदाराच्या पोरांचं खेळणं जास्त. ढकलायच्या गाड्या शंभरेक वर्षांनी आल्या आणि १८४० च्या दशकात राणी व्हिक्टोरियाने त्या घेतल्यावर फॅशन झाली. तेव्हाची बाबागाडी म्हणजे अवजड प्रकरण. ती ढकलायला वेगळी दाई हवी, ठेवायला वेगळी जागा हवी आणि फिरवायला बाग हवी. १८८९ मध्ये अमेरिकेत बाल्टिमोरच्या विल्यम रिचर्डसनने बाळाचं तोंड ढकलणाऱ्याकडे वळवता येईल अशा गाडीचं पेटंट घेतलं. चाकंही स्वतंत्र फिरायची, म्हणजे वळण घेणं सोपं. तरी गाडी जडच राहिली.

ती हलकी व्हायला १९६५ उजाडलं, आणि ती हलकी केली विमानवाल्याने. ओवेन मॅक्लारेन हा निवृत्त ब्रिटिश इंजिनिअर. दुसऱ्या महायुद्धातल्या स्पिटफायर विमानाची चाकं उड्डाणानंतर पंखांत दुमडून घ्यायची जी यंत्रणा असते, तिच्या कामात याचा हात होता. मुलगी परदेशातून नातवंडाला घेऊन आली तेव्हा बाळापेक्षा बाबागाडी सांभाळताना तिची किती तारांबळ उडते ते याने पाहिलं. विमानाची चाकं दुमडतात, तर बाबागाडी का नाही? अॅल्युमिनियमच्या नळ्या, मधे कापड, छत्रीसारखी मिटणारी चौकट, वजन सहा पौंड, म्हणजे पावणेतीन किलोच्या आसपास. १९६५ मध्ये पेटंटचा अर्ज आणि १९६७ पासून उत्पादन, तेही घरच्या तबेल्यात. आमच्या हॉलमधली गाडी त्याच घराण्यातली.

गंमत म्हणजे कारमधल्या बेबी सीटचं मूळही असंच आकाशात आहे. स्वीडनमध्ये बेर्टिल आल्डमन नावाचे वैद्यकाचे प्राध्यापक अपघातांचा अभ्यास करत होते. अमेरिकेच्या जेमिनी यानातले अंतराळवीर धक्का सगळ्या पाठीवर पसरावा म्हणून कसे पाठीवर रेललेले असतात, हे त्यांनी टीव्हीवर पाहिलं. गाडी समोर आदळली की लहान बाळाच्या मानेला धक्का सोसत नाही, कारण डोकं अंगाच्या मानाने फार जड असतं. मग बाळाला उलटं, पाठ पुढे करून बसवलं तर? १९६४ मध्ये व्होल्वोच्या गाडीत त्यांनी पहिला नमुना तपासला. आजही छोट्या बाळाची सीट मागे तोंड करून लावतात ती याच कारणाने. आपल्याकडे मात्र १९८० च्या दशकातलं बाळ चेतकवर दोघांच्या मधे चेंगरून आणि जरा मोठं झालं की पुढे, हँडल धरून उभं राहून प्रवास करायचं. मीही त्यातलाच. दुचाकीवरच्या ९ महिने ते ४ वर्षांच्या मुलांना पट्टा आणि हेल्मेट हवं, वेग ताशी ४० च्या आत हवा, असा नियम केंद्राने २०२२ मध्ये केला आणि तो फेब्रुवारी २०२३ पासून लागू झाला. रस्त्यावर असा पट्टा मी आजवर दोनदा पाहिलाय.

आता एक निरीक्षण. या सगळ्या वस्तू बाळाला बघून तयार झाल्या असं आपल्याला वाटतं, पण त्या तयार झाल्यात रस्त्याला बघून. बाबागाडीला सपाट फूटपाथ लागतो. तो नसेल तर गाडी कितीही हलकी असली तरी ओझंच. म्हणून ज्या जगात पायवाटा होत्या तिथे माणसांनी बाळ अंगावर बांधलं. आपल्याकडे कंबर, पदर, पाठीवरची झोळी. आफ्रिकेत पाठीवर कापड. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अॅन मूर ही अमेरिकन नर्स पीस कोअरतर्फे टोगोमध्ये होती. आयांच्या पाठीवर बांधलेली पोरं किती शांत असतात हे तिने पाहिलं. परत गेल्यावर स्वतःच्या मुलीला तसं बांधायचं तर कापड घसरायचं. तेव्हा तिच्या आईने पट्टे लावून एक पिशवी शिवून दिली. १९६९ मध्ये तिचं पेटंट झालं, स्नगली नावाने ती विकली गेली, आणि आज मॉलमध्ये आमच्यासारखे बाबा छातीला जे लावून हिंडतात त्याचं मूळ त्या पिशवीत आहे. म्हणजे झोळी टोगोतून निघाली, कोलोराडोत बकल लावून घेतलं आणि पुण्यात काही हजार रुपयांना परत आली. आमच्या आईने त्या कॅरिअरकडे बघून "एवढे पैसे? माझी जुनी नऊवार दिली असती की" असं म्हटलं, ते उगाच नाही.

आणि नऊवारीच्या कर्तृत्वाचं खरं प्रदर्शन बघायचं तर रेल्वेच्या स्लीपर डब्यात. वरच्या दोन बर्थच्या मधे साडी बांधायची, गाठ ओढून बघायची आणि बाळ त्यात. गाडीच्या डुलण्यावर झोका आपोआप हलतो, वीज नको की बॅटरी नको. ही युक्ती कुणाची, कधीची, याचं पेटंट कुठेच नाही. मे २०२२ मध्ये उत्तर रेल्वेने लखनौ मेलच्या एका डब्यात प्रयोग म्हणून खालच्या बर्थला जोडलेला छोटा 'बेबी बर्थ' बसवला. बातमी वाचून मला आनंद झाला आणि हसूही आलं. पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट नाही म्हणून जागा नाही, हे इतकी वर्षं चालत आलं. फुकट म्हणजे हिशेबात नाही.

इथवर वाचन मजेचं होतं. पण एका पहाटे दुसऱ्याच वाटेला लागलो, कारण माझ्या लक्षात आलं की मी चुकीच्या बाजूने बघतोय असं नाही, तर अर्धीच गोष्ट बघतोय. बाळाला उचलून न्यायचं कसं यावर जगाने भरपूर डोकं चालवलंय. आमची ही पुढच्या महिन्यात कामावर रुजू होणार आहे. आमच्या घरात सध्या चर्चा एकच: बाळाला खाली ठेवायचं कुठे?

हिरकणीची गोष्ट आपण शौर्याची म्हणून ऐकतो. जरा नीट बघा. दूध विकायला रायगडावर गेलेली बाई, सूर्यास्ताला दरवाजे बंद, आणि तान्हं घरी. ही कामावरून घरी वेळेत न पोचणाऱ्या आईची गोष्ट आहे. दंतकथा असो वा खरी, तिच्या नावाचा बुरुज आहे, एसटीची निमआराम बस आहे आणि बसस्थानकांवर दूध पाजायचे हिरकणी कक्ष आहेत. पण घरी बाळाजवळ कोण होतं, हे कुणी विचारत नाही.

राणी व्हिक्टोरिया बाबागाड्या घेत होती त्याच १८४० च्या दशकात, त्याच इंग्लंडमध्ये, लँकेशायरच्या सूतगिरण्यांत हजारो आया कामाला होत्या. त्यांची तान्ही पोरं दिवसभर शेजारच्या म्हातारीकडे नाहीतर थोरल्या बहिणीकडे. ती रडू नयेत म्हणून 'गॉडफ्रेज कॉर्डिअल' नावाचं औषध द्यायचे. औषध कसलं, गोड पाकात अफू. दुकानात कुणालाही मिळायचं. काही बाळं त्या झोपेतून उठत नसत, आणि बरीच नुसतीच सुकत जात, कारण गुंगीत असलेल्या बाळाला भूक लागत नाही.

लँकेशायरची यंत्रं मुंबईत आली. १८५० च्या दशकात पहिली गिरणी उभी राहिली, आणि पुढच्या काही दशकांत गिरणगाव. बायका मुख्यतः रीळिंग आणि वाइंडिंग खात्यात. १९२० च्या दशकात गिरणी कामगारांत सुमारे पाचवा हिस्सा बायकांचा होता. माझी पणजी त्यातली एक. लालबागच्या चाळीत एका खोलीत बिऱ्हाड. मी कॉलेजात असताना आजीला सहज विचारलं होतं, की तुझी आई कामावर जायची तेव्हा तुम्हा पोरांना कोण बघायचं? ती भाजी निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, "आमचं आम्हीच. तान्हं असलं की गोळी द्यायची, निजायचं दुपारपर्यंत. माझ्या दादाला दिलेली. नायतर खाडा पडला असता."

तेव्हा मला वाटलं बाळगुटीसारखं काहीतरी असेल. ते तसं नव्हतं. 'बाळागोळी' म्हणजे अफूची गोळी, वर मसाल्याचा वास. मुंबई सरकारने गिरण्यांतल्या बायकांची बाळंतपणं आणि कामाची परिस्थिती तपासायला डॉ. बार्न्स या बाई डॉक्टर नेमल्या होत्या. १९२२ च्या त्यांच्या अहवालात आकडा आहे: गिरणीत काम करणाऱ्या बायकांच्या १०० पैकी ९८ तान्ह्या मुलांना अफू दिली जात होती. अठ्ठ्याण्णव! हे व्यसन नव्हतं, निष्काळजीपणा तर मुळीच नव्हता. ती त्या काळची पाळणाघराची व्यवस्था होती. आजीच्या आवाजात अपराधीपणा नव्हता याचं कारण मला हा आकडा वाचल्यावर कळलं. चाळीत सगळेच देत होते.

याच सुमाराचा आणखी एक आकडा नेहमी सांगितला जातो. १९२१ मध्ये मुंबईत हजार जन्मांमागे साडेसहाशेहून जास्त बालमृत्यू नोंदले गेले. वाचूनच पोटात गोळा येतो. पण आमच्या धंद्यात असा आकडा दिसला की आधी विचारायचं, भागिले काय? आणि इथे बाळाचा प्रवास पुन्हा कथेत येतो. गिरणीतल्या बायका कोकणातल्या, घाटावरच्या. पुष्कळ जणी बाळंतपणाला गावी जायच्या. जन्माची नोंद झालीच तर रत्नागिरी-साताऱ्याकडे. मग बाळ काही महिन्यांचं झालं की आई त्याला घेऊन मुंबईला. कोकणातलं असेल तर आधी पडावातून खोल पाण्यातल्या बोटीपर्यंत, तान्हं हातोहात वर चढवायचं, मग बोटीच्या डेकवर पथारी. असं बाळ मुंबईत दगावलं तर मृत्यू मात्र मुंबईच्या खात्यात. वरचा आकडा मुंबईचा, खालचा अर्धा गावाला राहिलेला. म्हणजे खरं प्रमाण त्याहून कमी असणार. पण दुरुस्ती करूनही उरतं ते भयंकरच आहे, हे नक्की. एका खोलीत राहणाऱ्यांचे मृत्यू सगळ्यात जास्त होते, हे त्याच नोंदी सांगतात.

बाळंतपणाच्या रजेचा कायदा यातूनच आला. ना. म. जोशी यांनी १९२४ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात विधेयक आणलं, ते नामंजूर झालं. मुंबई प्रांताच्या कौन्सिलात १९२८ मध्ये पुन्हा विधेयक आलं तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच्या बाजूने बोलले. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं देशाच्या हिताचं आहे, त्यामुळे खर्चाचा भार सरकारने बऱ्याच अंशी उचलावा, पण मालकानेही उचलावा, असं त्यांचं म्हणणं. १९२९ मध्ये मुंबईचा कायदा झाला, देशातला या विषयावरचा पहिला. सारखं 'बायकांच्या कायद्यांनी धंद्याचं नुकसान' म्हणणारे तेव्हाही होतेच. असो.

रजेनंतर काय, हा प्रश्न उरलाच. काही गिरण्यांनी पाळणाघरं काढली होती. १९४८ च्या कारखाना कायद्यात ५० हून जास्त बायका असतील तर पाळणाघर सक्तीचं झालं, आणि १९७६ मध्ये तो आकडा ३० वर आणला. पण एक तिढा बघा. पाळणाघर गिरणीत, म्हणजे बाळालाही पहाटेच्या गर्दीतून गिरणीपर्यंत न्यायला हवं. भोंगा वाजायच्या आत! हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये दीड तास काढणाऱ्या कुणालाही हे वेगळं समजवायला नको. २०१७ च्या दुरुस्तीने बाळंतपणाची रजा २६ आठवड्यांवर गेली, ५० किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघर सक्तीचं झालं आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाला भेटायची मुभा मिळाली. कायदा चांगलाच आहे. पण बायकोच्या ऑफिसातलं पाळणाघर घरापासून अठरा किलोमीटरवर. सात महिन्यांच्या बाळाला रोज छत्तीस किलोमीटर? घराजवळच्या पाळणाघराची वेळ संध्याकाळी सहापर्यंत, आणि तिची कॉल सुरू होते साडेपाचला. आई म्हणते मी आहे की. आईच्या गुडघ्यांना कुणी विचारलेलं नाही.

हे तर कारखान्याचं नि ऑफिसचं. ज्यांचं कामाचं ठिकाणच दर वर्षी बदलतं त्यांचं काय? १९६९ मध्ये, गांधीजन्मशताब्दीसाठी दिल्लीत राजघाटावर बांधकाम चाललं होतं. तिथे मजूर बायकांची पोरं धुळीत, खडीच्या ढिगांजवळ पडलेली मीरा महादेवन यांनी पाहिली आणि तिथेच तंबूत पाळणाघर सुरू केलं. बांधकाम संपलं की पाळणाघर पुढच्या साइटवर. म्हणून नाव 'मोबाइल क्रेशेस'. मला या सगळ्या इतिहासातली सगळ्यात हुशार रचना हीच वाटते, मॅक्लारेनच्या छत्रीपेक्षाही. त्याने गाडी दुमडती केली, यांनी पाळणाघरच दुमडतं केलं. १९७० च्या दशकात काम मुंबईत आलं, नंतर पुण्यातही.

कायदा यायला १९९६ उजाडलं. बांधकाम मजुरांच्या त्या कायद्याने ५० हून जास्त बायका कामावर असतील तिथे मुलांसाठी खोली ठेवायला सांगितलं. नोव्हेंबर २०२५ पासून हे जुने कायदे नव्या श्रमसंहितांत विलीन झाले, आणि तिथेही उंबरठा पन्नासचाच आहे. कोड लिहिणाऱ्याला अशा अटीचं काय होतं ते ठाऊक असतं. खोदाई एका ठेकेदाराकडे, गिलावा दुसऱ्याकडे, फरशी तिसऱ्याकडे. प्रत्येकाची मोजणी वेगळी, आणि पन्नास कुठेच भरत नाहीत.

आमच्या गॅलरीसमोर सध्या एक पंधरा मजली इमारत वर चढतेय. बायका मी परवा मोजल्या, बारा दिसल्या. तळमजल्यावर स्लॅबला टेकू दिलेत, त्यातल्या दोन टेकूंच्या मधे हिरवी साडी बांधलेली असते. सकाळी आठला बांधतात, जेवणाच्या सुट्टीत थोडा वेळ सोडतात आणि पुन्हा बांधतात. पाच-सहा वर्षांची एक मुलगी तिथे विटेवर बसून एका पायाने झोका देत असते.